प्राणी आणि त्याचा मुलूख

आफ्रिकेच्या सफारीवरून परतलेल्या प्रवाशांची छायाचित्रे पाहावीत, तर सिंहाचे चौकटभर पसरलेले मुख, बिबट्याचे डोळे, हत्तीच्या कानांवरील शिरा असेच काहीसे बहुधा दृष्टीस पडते. आणि चारशे ते सहाशे मिलिमीटरची भिंगे हौशी माणसाच्याही आवाक्यात आल्यापासून असे चित्र मिळवणे इतके सुलभ झाले आहे की, तो सिंह सेरेंगेटीच्या गवतात बसला होता की एखाद्या शहरातील प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, याचा उलगडा त्या चित्रावरून होऊ नये. ही हानी मला मोठी वाटते. कारण टांझानियाच्या उत्तर भागात सुमारे १४,७०० चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या या राष्ट्रीय उद्यानात प्राणी आणि भूमी यांचे नाते जितके उघड्यावर मांडलेले आहे, तितके ते पृथ्वीच्या पाठीवर फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते.

उद्यानाच्या दक्षिणेकडील मैदानांचेच उदाहरण घ्यावे. क्षितिजापर्यंत तेथे झाड म्हणून दिसत नाही, आणि त्याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. जवळच्या न्गोरोंगोरोच्या उंच प्रदेशातील ज्वालामुखींनी सहस्रावधी वर्षे ओकलेली राख येथे साचली, तिच्यातील चुन्याचा मातीखाली कठीण थर बनला, त्या थराने वृक्षांच्या मुळांना मज्जाव केला, आणि वर आखूड परंतु खनिजांनी समृद्ध असे गवत तेवढे राहिले. व्यायलेल्या माद्यांना नेमके हेच गवत हवे असते. म्हणून विल्डबीस्ट या हरणांचा सुमारे १३ लक्षांचा जमाव वर्षारंभी येथे मुक्कामाला येतो, बहुतेक पाडसे जानेवारी-फेब्रुवारीत येथेच जन्मतात, आणि पाऊस सरला की तोच जमाव उत्तरेचा रस्ता धरून जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान मारा नदी ओलांडतो. नुकतेच जन्मलेले पाडस, अंग अजून ओले असताना, पाय फाकवून उभे राहू पाहते, कोसळते, पुन्हा उठते, आणि काही मिनिटांतच आईमागे धावू लागते. मोठ्या भिंगातून फक्त ती मायलेकरे टिपली तर चित्र गोड होते, यात शंका नाही. परंतु थोड्या अंतरावर गवतात बसून नजर लावलेला तरस, आणि लपावयास कोठे एक झुडूपही नाही ही त्या भूमीची कठोर अट, या दोन्ही गोष्टी दोनशे मिलिमीटरच्या साध्या भिंगातच मावतात.

असे चित्र टिपण्यास लागणारा उजेड मात्र फार थोडा वेळ लाभतो. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य येथे जवळजवळ सरळ वर चढतो. साडेसहाच्या सुमारास पसरलेली उन्हाची सोनेरी छटा तासाभरात विरते, आणि दहाच्या पुढे तापलेल्या जमिनीवरची हवा अशी थरथरू लागते की, कितीही किमतीचे भिंग लावले तरी दूरच्या प्राण्याची कडा स्पष्ट उमटत नाही. यावर इलाज एकच, तो म्हणजे अंधारातच निघण्याच्या तयारीत असणे. गाडी थांबताच इंजिन बंद करावयास सांगावे, कारण त्याची थरथर थेट चित्रात उतरते. गाडीत तिपाईला जागा नसते, म्हणून तांदूळ किंवा वाटाणे भरलेली कापडी पिशवी खिडकीच्या काठावर ठेवून तिच्यावर भिंग टेकवावे. आणि धुळीच्या त्या मुलखात भिंगे वरचेवर बदलण्याचा मोह आवरावा.

केनियातील अंबोसेली उद्यानात तर भूमीवाचून प्राण्याचे चित्र पुरे होऊच शकत नाही. ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो पर्वत सरहद्दीपलीकडे टांझानियात आहे, परंतु त्याच्या उतारांवर मुरलेले पाणी लाव्हाच्या खडकांतून झिरपत येऊन अंबोसेलीच्या दलदलींत प्रकटते, आणि कोरड्या, धुळकट पठारावरून रांगेने येणारे हत्ती त्याच दलदलीत पोटापर्यंत उतरतात. पर्वत, पाणी आणि हत्ती ही एकच साखळी आहे. सकाळी लवकर, ढगांनी शिखर झाकण्यापूर्वी, ती एका चौकटीत येऊ शकते.

ही दृष्टी ज्यांनी जगाला दिली त्यांत बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा पुत्र मिखाएल यांचे स्मरण आदराने केले पाहिजे. झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेल्या लहानशा विमानातून त्या दोघांनी सेरेंगेटीतील कळपांची शिरगणती केली आणि त्यांच्या भ्रमणाचे मार्ग नकाशावर उतरविले. जानेवारी १९५९ मध्ये गिधाडाशी टक्कर होऊन ते विमान कोसळले, मिखाएलचा अंत झाला, आणि न्गोरोंगोरोच्या काठावर त्याचे दफन करण्यात आले. पित्याने पुढे पुरा केलेला 'सेरेंगेटी मरता कामा नये' हा चित्रपट ऑस्करचा मानकरी ठरला.

आज त्या भूमीला बंदुकीइतकेच, किंबहुना काही ठिकाणी अधिकच, भय कॅमेऱ्याच्या गर्दीचे आहे. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे छायाचित्रकाराची आणि त्याची वेळ एकच. केनियातील मारा प्रदेशात झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, जेथे प्रवाशांच्या गाड्यांची वर्दळ फार, तेथे मादीच्या एका वेतातील सरासरी ०.२ पिल्लेच स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत वाचतात, तर वर्दळ कमी असलेल्या भागात हेच प्रमाण २.३ आहे. हे आकडे ज्याने एकदा वाचले, त्याला वारुळावर चढून पाहणाऱ्या मादीभोवती गाड्यांनी धरलेले रिंगण सहन होणे कठीण आहे. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात बंद असतो त्याच महिन्यांत माराचा हंगाम भरात येतो, त्यामुळे आपल्याकडचे छायाचित्रकारही त्या गर्दीत असतात, आणि चालकही आपल्याच आग्रहापोटी, बक्षिशीच्या आशेने गाडी पुढे काढतात. तेव्हा पहिल्याच दिवशी चालकाला स्पष्ट सांगून ठेवावे की, "दादा, चित्ता दिसला तर गाडी लांबच उभी करा, जवळ न्यायची नाही, आणि तुमच्या बक्षिशीत त्याने काही कमी होणार नाही." त्या लांबच्या जागेवरून वारूळ, त्यावरील मादी, आणि ती ज्यांच्यावर डोळा ठेवून आहे तो गॅझेल हरणांचा कळप, असे तिन्ही एका चौकटीत घेता येतात.