अर्धं सूत

दसऱ्याला दादाच्या पाटावर दोन बंदुका होत्या आणि तिसरीची जागा मोकळी होती. कोयते, विळे, मोटरीचा पान्हा, झेंडू, आपट्याची पानं सगळं दाटीवाटीने मांडलेलं, आणि मधेच वीतभर पाट रिकामा. विचारलं तर म्हणाला, "पुढच्या वर्षी." आतून वहिनीचा आवाज आला, "पुढच्या वर्षी पाटच उचलून ठेवते."

ही गोष्ट १२ ऑक्टोबर २०२४ची. ती मोकळी वीत डोक्यातून जाईना, म्हणून मी रविवारी मुक्काम वाढवला.

दादा माझा मावसभाऊ. बारामतीहून इंदापूरकडे जाताना लासुर्ण्याच्या अलीकडे, नीरा डाव्या कालव्याखाली त्याचा ऊस आहे. पाटावरची पहिली बंदूक आजोबांची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची विलायती बाराबोर. दोन नळ्या शेजारी शेजारी. उसात रानडुकरं शिरली की आजोबा हिचा बार हवेत काढत. दुसरी दादाची स्वतःची, वर-खाली नळ्यांची. महिन्यातून एकदा तो ती घेऊन रेंजवर जातो आणि उडत्या चकत्या फोडतो.

एक चकती त्याने माझ्या हातात दिली. ११० मिलिमीटर व्यास, वजन १०५ ग्रॅम, भगव्या रंगाची बशीच. नाव मातीच्या कबुतराचं, पण माती औषधालाही नाही. डांबर आणि चुनखडीची पूड. पूर्वी या खेळात खरी कबुतरं सोडत. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्येही तीच मारली. त्याआधी वीसेक वर्षं, १८८०च्या सुमारास, अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्कीने उडत्या चकतीची युक्ती काढली होती. आता भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पाहायला जाणाऱ्या माणसाने बंदुकीची हौस पुरवायची, तर या बशीसारखा सोयीचा पक्षी नाही.

दादाची तक्रार अशी. ट्रॅप नावाच्या प्रकारात चकती समोरच्या खंदकातून निघते आणि लांब, वर वर जाते. स्कीटमध्ये दोन बाजूंच्या घरांतून ती आडवी कापत येते. ट्रॅपवाल्यांची बंदूक लांब नळीची, थोडा वर मार देणारी. स्कीटवाल्यांची तोंडाशी मोकळी, छर्रे लवकर पसरवणारी. दादाची आहे स्कीटची आणि तो खेळतो ट्रॅप. "चकती वर जाते, माझे छर्रे खालून जातात. पंचविसातल्या दहा अशाच गेल्या. हत्यारच ते नाही."

वहिनी यावर नुसतं "अंगण" म्हणते. पुढचं वाकडं घरात सगळ्यांना पाठ आहे.

अडचण कायद्याची आहे. पूर्वी एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत. २०१९च्या दुरुस्तीने त्या दोनवर आणल्या. आजोबांची एक, दादाची एक, संपलं. नामांकित नेमबाजांना मात्र सवलत आहे. फेब्रुवारी २०२०पासून एका प्रकारात नाव असेल तर आठ, दोन प्रकारांत दहा, त्याहून जास्त प्रकारांत बारा. दादा हे आकडे उसाच्या दरासारखे तोंडावर सांगतो. नाव झालं की आठ बंदुका मिळतील म्हणून हा खेळतो, की आठ बंदुका मिळाल्या की नाव होईल असं त्याला वाटतं, ते मला कळलेलं नाही. तूर्त त्याच्यापुढे एकच वाट होती. आजोबांची द्यायची आणि ट्रॅपची घ्यायची. सामान्य माणसाला परदेशी बंदूक आणायची वाट १९८०च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती दुनळीला किंमत चांगली येते. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

रविवारी दहा वाजता तात्या आले.

तात्या सुतार. पंचाहत्तरीचे. हयात बैलगाड्या आणि जू करण्यात गेली. आजोबांच्या दुनळीचा लाकडी दस्ता फुटला होता तो त्यांनीच सांधला होता. तेवढ्यावर दादाने त्यांना बोलावलं, खरं तर बंदूक विकण्याआधी दस्ता पुसून चकचकीत करायला. तात्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि माजघरभर जवसाचा वास पसरला. जवस मला चटणीतला माहीत. अक्रोडाच्या लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल चोळतात हे तिथे कळलं. तो वास अजून माझ्या ओढणीला आहे असं वाटतं.

तेल चोळता चोळता तात्यांनी दादाची तक्रार ऐकली. मग म्हणाले, "ती दुसरी आणा. आन् आरसा आणा."

दादाने बंदूक मधून उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं. आरशासमोर उभं राहून डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली, डोळे उघडले. तात्या मागून, बाजूने, आरशात बघत होते. बुबुळ नळीवरच्या पट्टीच्या बरोबर वर दिसायला हवं. दादाचं पट्टीआड अर्धं बुडालेलं होतं.

"गाल खाली जातोय. नजर खाली, मग गोळी खाली. हे जू मानंला बसलेलं न्हाई, दादा. असल्या जुवानं बैलाला खांदेसूज येती. मग लोक बैल बदलत्यात."

बाराबोरच्या बाबतीत नेमाची मागची खूण म्हणजे तुमचा डोळाच. गाल टेकतो तिथे दस्ता किती उंच, यावर नेम ठरतो. दादाने कुठेतरी वाचलेला हिशेब तेव्हा सांगितला: गालाखाली एक सोळांश इंच वाढवलं, तर सोळा यार्डांवर मार एक इंच वर जातो. तात्यांनी क्षणभर बोटांवर मोजलं. "म्हंजे अर्धं सूत." सुताराचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "अर्ध्या सुताला इंच. लांब गेलं की दुप्पट."

जुन्या कोल्हापुरी चपलेचं चामडं त्यांनी रापीने तासलं, अर्ध्या सुताची पट्टी केली आणि दस्त्यावर कापडाने बांधली. आरसा. अजून बुडालेलं. दुसरी पट्टी. आरसा. तिसरी. दर वेळी दादा डोळे मिटायचा, दर वेळी तात्या म्हणायचे, "अर्धं सूत." तिसऱ्या पट्टीला बुबुळ वर आलं, गोल, पुरतं. बत्तीस यार्डांवर सहा इंचांचा फरक, तीन चामड्याच्या चिंध्यांत. चकती ११० मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंचांच्या आतली.

दादा खूश व्हायला हवा होता. तो जरा हिरमुसला. नवी बंदूक घ्यायचं कारण दुपारच्या जेवणाआधीच गेलं होतं. भाकरी मोडताना म्हणाला, "तरी ट्रॅपची नळी लांब असते." तात्यांनी ठेच्याकडे हात नेला आणि काही बोलले नाहीत.

मंगळवारी, १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. दादाच्या दोन्ही बंदुका पोलिस ठाण्यात जमा झाल्या, लोकसभेच्या वेळी झाल्या होत्या तशाच. गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर मी पुन्हा गेले. १५ तारखेला गाळप सुरू झालं होतं. रस्त्यावर बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या, आणि तात्यांच्या दारात दुरुस्तीला आलेली जू. दादा माजघरात उभा होता. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवरून टोक फिरवत, कमरेपासून खांद्यापर्यंत, पुन्हा कमरेला. रोज पन्नास वेळा, बिनकाडतुसाचा हा सराव त्याला रेंजवर कोणीतरी सांगितला होता. बंदुका घरात होत्या तेव्हा त्याने तो कधी केला नाही. आता हातात वहिनीचं मुसळ होतं. त्यावरही एक चामड्याची पट्टी बांधलेली.

उंबऱ्यात बसून तात्या मोजत होते. "बत्तीस. गाल उचलतोय. पुन्हा."