गाडी इटलीची, रस्ता जिंतूरचा

परभणी स्टेशनबाहेर प्रवाशांची वाट बघत उभी असते ती ॲपे रिक्षा इटलीच्या पियाजिओ कंपनीची, आणि बनते बारामतीत. म्हणजे इटालियन गाडी आपल्याला काही नवी नाही. पण पल्सर-बुलेट सोडून कुणी पहिलीच गाडी म्हणून सेकंडहँड एप्रिलिया, बेनेली किंवा डुकाटी घ्यायचं म्हटलं, की घरापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांकडे ठाम मतं तयार असतात. त्यातली बरीच चुकीची आहेत.

सगळ्यात लाडका गैरसमज असा, की इटालियन गाडी इटलीत बनते आणि तिचा नटसुद्धा तिकडूनच मागवावा लागतो. एप्रिलियाची आरएस 457 बारामतीच्याच कारखान्यात तयार होते. डिसेंबर 2023 मध्ये ती 4 लाख 10 हजारांच्या एक्स-शोरूम किमतीला बाजारात आली. बेनेली 1911 साली पेसारो गावात सुरू झाली खरी, पण 2005 पासून ती चीनच्या छ्यानच्यांग कंपनीच्या मालकीची आहे. डुकाटीचं मुख्य घर अजून बोलोन्यातच आहे. मात्र स्क्रॅम्बलरसारखी मॉडेलं आपल्याकडे थायलंडच्या कारखान्यातून आली, आणि 2012 पासून मालक आहे जर्मनीची ऑडी. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांनी याचा आनंद जरूर घ्यावा. गिऱ्हाइकाने मात्र गाडीचं माहेर विचारण्यापेक्षा तिचे पार्ट आज कोण आणतो आणि किती दिवसांत देतो, हे विचारावं.

बेनेलीचीच गोष्ट घ्या. 2015 च्या सुमारास पुण्याच्या डीएसके समूहाने ही गाडी भारतात आणली. टीएनटी 300 आणि चार सिलिंडरची 600 आय पोरांनी हौसेने घेतल्या. मग समूह आर्थिक अडचणीत आला आणि 2018 मध्ये बेनेलीने हैदराबादच्या कंपनीशी नवा करार केला. मधल्या काळात सर्व्हिसचे आणि पार्टचे हाल झाले, आणि त्या वर्षांतल्या कित्येक गाड्या तशाच उभ्या राहिल्या. आज त्या भुरळ पडेल अशा भावात मिळतात. भाव कशामुळे उतरलाय हे ठाऊक असेल तर घ्यायला हरकत नाही. पण आधी ब्रेक पॅड, क्लच प्लेट आणि रेडिएटर फॅन मिळतो का, ते फोन करून विचारा. नाही म्हणाले तर विषय संपला.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: ‘फक्त सहा हजार किलोमीटर पळालीय, नवीच समजा.’ हौसेची गाडी वापरून कमी आणि उभी राहून जास्त बिघडते. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी दिसली तरी रबर कडक झालेलं असतं, आणि पहिल्या पावसात ते कळतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डुकाटीच्या स्क्रॅम्बलरला टायमिंग बेल्ट असतो. किलोमीटर कितीही असोत, पाच वर्षं झाली की तो बदलायचा. म्हणजे 2016 ची गाडी असेल तर 2021 चं बिल दाखवा म्हणायचं. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरायचं आणि तो खर्च भावातून वजा करायचा. शिवाय एप्रिल 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी पाइप आणि सील वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत, तेही बघून घ्या.

‘आपला मिस्त्री कुठलंही इंजिन उघडतो.’ उघडेल, वादच नाही. पण साध्या इंजिनात व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद होतो, तर स्क्रॅम्बलरच्या ‘देस्मो’ रचनेत तो उघडायला एक दांडी आणि ओढून बंद करायला दुसरी. दोन्हीकडचं अंतर मापून जुळवायचं, हे तासन्‌तासांचं काम. त्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते. एप्रिलिया 457 किंवा बेनेली 300 ला ही भानगड नाही. परभणीत राहून पहिलीच गाडी घेणाऱ्याला मी डुकाटी सुचवणार नाही. डुकाटी वाईट आहे म्हणून नव्हे, वर्कशॉप लांब आहे म्हणून.

‘लायसन्स आहे ना, मग कुठलीही चालव.’ कायद्याने खरं आहे. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स असलं की अठरा वर्षांचा मुलगा शंभर सोडा, दोनशे हॉर्सपॉवरचीही चालवू शकतो. युरोपात त्या वयाच्या नवख्याला 35 किलोवॉटपर्यंतचीच मुभा, आणि 457 नेमकी त्या मर्यादेत बसवलेली आहे. हा आकडा आपणही पाळावा. वजनही बघा: 600 आय सव्वादोनशे किलोच्या वर भरते. जिंतूर रोडवर समोर अचानक उसाची ट्रॉली वळली की ते वजन आवरायचं असतं.

गाडी बघायला जाल तेव्हा ‘आधीच चालू करून ठेवू नका’ असं मालकाला बजावून ठेवा. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड गाडी सुरू व्हायला त्रास देते का, अशी शंका घ्यायला जागा आहे. मग गाडी चालू करून उभीच ठेवा, फॅन आपोआप फिरायला लागेपर्यंत. परभणीच्या मे महिन्यात फॅन बंद पडलेली गाडी रेल्वे फाटकावर उकळायला वेळ लागत नाही. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ते जिथे अडतं तो लोखंडी थांबा पाहा. तो चेपलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल तर गाडी जोरात पडलेली आहे. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचं कडं दिसलं तर सील गेलंय.

कागदांत चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा, कर्ज फिटल्याची नोंद आणि थकलेली चलानं तपासा. परराज्यातली स्वस्त गाडी असेल तर तिकडची एनओसी हवी आणि रोड टॅक्स इथे पुन्हा भरावा लागतो. मग ‘स्वस्त’ फारसं उरत नाही. आरसी तीस दिवसांत नावावर करायला अर्ज करा, विम्याचा त्याही आधी, चौदा दिवसांत. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो त्याचा असतो, गाडीचा नव्हे.

पुण्यात गाडी घेतलीत तर त्याच दिवशी ती चालवत परभणीला आणू नका. शेकडो किलोमीटर, अनोळखी ब्रेक, जुने टायर. टेम्पोने आणा किंवा रेल्वे पार्सलने. पार्सलला टाकी मात्र पूर्ण रिकामी करून द्यावी लागते.