काठ घसरतो पावसात, सुटतो उन्हात

वैशाखातली दुपार. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात एका शेततळ्याच्या काठावर आम्ही उभे होतो. पायाखालच्या काळ्या जमिनीला हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. शेतकरीदादांनी वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची काडी, एका भेगेत सोडली. कमरेएवढी काडी, जवळजवळ सगळी आत गेली. "पानी इथूनच शिरते, भाऊ," ते म्हणाले. मागच्या श्रावणात त्याच काठाचा एक लांब तुकडा घसरून तळ्यात बसला होता.

इथली काळी माती बसाल्ट खडक झिजून तयार झाली आहे. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते, वाळले की आक्रसते. भेगांतून मोठ्या पावसाचे पाणी थेट आत उतरते. वरचा मीटरभर थर जड आणि मऊ होतो, खालची माती घट्टच राहते आणि त्या घट्ट मातीवरून वरचा थर सरकतो. दरसाल फुगून-आक्रसून मातीची ताकद थोडी थोडी घटते. म्हणूनच चार-पाच पावसाळे टिकलेला काठही अचानक बसतो.

त्या घसरलेल्या काठाची दुरुस्ती पायथ्यापासून सुरू झाली. आधी घसरलेला सगळा मलबा उचलला. मग उतारावर पायऱ्या कापल्या, कारण गुळगुळीत उतारावर टाकलेला नवा थर पुन्हा घसरतो. पायथ्याशी दगड रचले आणि मुरमाचे वीतभर थर देत, पाणी शिंपडत, धुमसाने ठोकत मजूर वर चढले. मुरूम घेण्याआधी एक बाई तो ओला करून मुठीत दाबून बघत. गोळा झाला तर ठेवायचा, भुरभुरला तर बाजूला. नुसता रेताड मुरूम पहिल्याच सरीत वाहून जातो. थोडा चिकटपणा हवा, पण फुगणे नको.

त्या बाईंच्या मुठीत जी परीक्षा होती, तिचेच शास्त्र आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडले. फुगणाऱ्या काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकट मातीचा सुमारे मीटरभर जाड थर दिला, तर खालच्या मातीचे फुगणे आवरले जाते. कर्नाटकातल्या मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर ही पद्धत वापरली गेली. काळीवर थेट दगड बसवले, तर तिच्या हालचालीबरोबर तेही वाकडे होतात.

काठाच्या वरच्या अंगाला चर खोदला, म्हणजे शेतातले पाणी उतारावर न येता बाजूने निघून जाईल. पाऊस लागला की उतारावर आडव्या ओळींत वाळा लावायचा. उन्हाळ्यात ज्याच्या ताट्या आपण दाराला लावतो, तोच हा वाळा. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटरपर्यंत, आणि वरचा सैल थर खालच्या घट्ट मातीला शिवून टाकतात.

घसरण दिसते श्रावणात, पण तिची सुरुवात वैशाखातच झालेली असते. आपण मात्र काठ पडल्यावर जेसीबी बोलावतो आणि तीच ओली काळी पुन्हा वर लोटतो. तो काठ पुन्हा पडणारच.

तुमच्या शेतात तळे, पाट किंवा नाल्याचा उंच काठ असेल, तर मे महिन्यात एकदा पऱ्हाटी हातात घेऊन त्यावरून चालून या. जी भेग काडी गिळेल, ती मृगाआधी खणून, ठासून बुजवा.