घाम त्यांचा, दान आपले

आमच्या महाविद्यालयातील तिघे सहकारी सध्या साऱ्यांच्या कौतुकाचा आणि थट्टेचा विषय झाले आहेत. ग्रंथपाल पोहतात, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक सायकल चालवतात आणि कार्यालयातील एक लिपिक धावतात. तिघांचा मिळून एक संघ गोव्याच्या ट्रायथलॉनमध्ये उतरणार आहे. पणजीत २०१९ साली प्रथम झालेल्या या स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असा क्रम असतो. ही अंतरे मूळ स्पर्धेच्या निम्मी आहेत. १९७८ साली हवाई बेटांवर ती पहिल्यांदा झाली, तेव्हा अवघे १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली.

या सरावाला जोडून तिघांनी अध्यापककक्षात एक पेटी ठेवली आहे. पहाटे तलावावर उशिरा येणाऱ्यास २० रुपये दंड. पेडलला अडकणारे बूट न सुटल्यामुळे प्राध्यापकमहाशय उपाहारगृहासमोर सायकलीसह आडवे झाले, त्या दिवशी त्यांना ५० रुपये पडले. पाहणाऱ्यांनीही हसण्याचा कर म्हणून खुशीने दहा-दहा रुपये टाकले. हा सारा पैसा गरजू विद्यार्थ्यांच्या परीक्षाशुल्कासाठी आहे.

यावर अर्थशास्त्रीय आक्षेप उघड आहे. प्रवेशशुल्क व प्रवास यांवर होणारा खर्चच थेट विद्यार्थ्यांना का देऊ नये? तर्क बिनतोड आहे. पण माणसे अशी वागत नाहीत. तो पैसा वाचला असता, तर तो विद्यार्थ्यांकडे गेलाच असता असे नाही. दात्याला देण्यातून स्वतःलाही समाधान मिळते, हा विचार जेम्स अँड्रिओनी यांनी १९९० साली अर्थशास्त्रात मांडला. ऑलिव्होला आणि शफीर यांना २०१३ सालच्या अभ्यासात असे आढळले की, मदतीसाठी कष्ट सोसावे लागणार असतील तर लोक अधिक देण्यास तयार होतात. १९८८ साली न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये धावलेल्या ३८ जणांच्या चमूने रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या संस्थेसाठी ३ लाख २२ हजार डॉलर जमवले, ते याच बळावर.

मात्र मला या पेटीचे मोल वाटते ते वेगळ्याच कारणाने. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या समारंभात साहाय्य मिळालेल्या मुलांना नावे पुकारून व्यासपीठावर बोलावण्यात आले. पाकीट हाती देताना छायाचित्रे काढली गेली. पाकिटे देणाऱ्यांत मीही होतो. त्यांतील एक हुशार मुलगी पुढच्या वर्षी अर्ज करायला आली नाही. परीक्षेलाही बसली नाही. कारण विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. दान देताना आपण तिच्याकडून काय घेतले, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या पेटीने हा व्यवहार उलटा केला आहे. येथे हसे होते ते देणाऱ्याचे. घेणाऱ्याचे नावही पुकारले जात नाही. शुल्क परस्पर भरले जाते आणि जमाखर्चाचा कागद दरमहा सूचनाफलकावर लागतो. स्पर्धेचा खर्च तिघेही स्वतःच्या खिशातून करतात. हे नियम नसते, तर ही केवळ हौस ठरली असती आणि पेटी तिचे निमित्त.

वास्तविक, ही कल्पना आपल्याला परकी नाही. ज्या पणजीत ही स्पर्धा होते, तेथील मुष्टिफंड संस्थेचे नावच घरोघरच्या मूठमूठ तांदळाची आठवण देते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्यालाही अशा मुठींचा आधार होता. मूठ कोणाची, हे जेवणाऱ्या मुलाला ठाऊक नसे आणि ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

तिघे ठरल्या वेळेत स्पर्धा पुरी करतील की नाही, याविषयी अध्यापककक्षात पैजा लागल्या आहेत. मी त्यांच्या विरुद्ध पैज लावली आहे. हरलो तर हजार रुपये पेटीत जातील. आणि हरावे, अशीच माझी मनापासून इच्छा आहे.