निरोप कुठे अडला?

मराठीत ‘वांझ’ आणि कन्नडमध्ये ‘बंजे’. दोन्ही शब्द बाईसाठीच. आपल्या सीमाभागातल्या घरांत एकाच वाक्यात दोन्ही भाषा नांदतात, पण मूल न होण्याचा दोष पुरुषाच्या पदरात टाकणारा असा घरगुती शब्द माझ्या कानांवर तरी कुठल्याच भाषेत पडलेला नाही. म्हणूनच गर्भ रुजण्याआधीच्या एका लहानशा घटनेची गोष्ट आज सांगावीशी वाटते.

पिकलेले स्त्रीबीज आपले विभाजन अर्ध्यावर थांबवून वाट पाहत असते. शुक्रजंतू आत शिरला की काम झाले, असे आपण शाळेत शिकलो. पण नुसते शिरून भागत नाही. ‘जागे हो’ हा निरोपही स्त्रीबीजाला मिळावा लागतो.

त्यासाठी शुक्रजंतू एक विकर, म्हणजे एन्झाइम, बरोबर आणतो. त्याचे नाव फॉस्फोलायपेज सी झीटा. स्त्रीबीजातल्या पातळ पटलांत पीआयपी-टू नावाचा स्निग्ध रेणू अगदी थोडा असतो. अडकित्त्याने सुपारी फोडावी तसे हे विकर त्याचे दोन तुकडे करते. डायअसिलग्लिसरॉल हा तुकडा पटलातच राहतो. दुसरा तुकडा आयपी-थ्री. तो पाण्यात विरघळतो, म्हणून सुटून आत पसरतो आणि पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराची दारे उघडतो. कॅल्शियम बाहेर येते, परत आत ओढले जाते, पुन्हा बाहेर येते. या लाटा काही तास चालतात. त्यांच्यामुळेच स्त्रीबीज राहिलेले विभाजन पुरे करते आणि दुसऱ्या शुक्रजंतूला दार लावून घेते.

अशा रेणूंना दुय्यम निरोप्ये म्हणतात. पाहुणा सोप्यातच थांबावा आणि घरातल्या पोराने त्याचा निरोप स्वयंपाकघरात पोचवावा, तसे अनेक हार्मोनांचे असते. ती पेशीबाहेरच थांबतात. आतला निरोप आयपी-थ्रीसारखे रेणू नेतात. इथे मात्र पाहुणा स्वतःच अडकित्ता घेऊन आत येतो. आयपी-थ्री कॅल्शियम सोडवते, हे १९८३ मध्ये मायकेल बेरिज व सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या पेशींवर दाखवले. शुक्रजंतूतले विकर २००२ मध्ये ब्रिटनमधील अँथनी लाय, कार्ल स्वान आणि सहकाऱ्यांनी ओळखले.

आता घरातला प्रश्न. काही पुरुषांत हे विकर कमी किंवा सदोष असते. शुक्रजंतूंची संख्या आणि चाल चांगली असली, तरी नेहमीच्या वीर्यतपासणीत हा दोष दिसत नाही. १९९२ पासून माहीत असलेल्या ‘इक्सी’ पद्धतीत एकच शुक्रजंतू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. तरीही काही वेळा स्त्रीबीज जागेच होत नाही. अशा निवडक जोडप्यांत प्रयोगशाळेत कॅल्शियम आत नेणारे द्रव्य वापरून स्त्रीबीज जागे करतात, आणि त्यातून मुले जन्मलीही आहेत. हा सर्वांवरचा उपाय नव्हे. कधी कारण स्त्रीबीजातही असते.

माझ्या नात्यातल्या एका सुनेने कितीतरी वर्षे सोमवार धरले, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलली, बारशाला जाणे सोडले. त्या साऱ्या काळात तिच्या नवऱ्याची साधी तपासणीही कुणी सुचवली नाही. नवस बोलू नये असे मी म्हणत नाही. पण देवापुढे दोघे जोडीने हात जोडतात, मग डॉक्टरांपुढे एकटीनेच का बसायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. म्हणजे प्रत्येक गल्लीत असे कुणीतरी असणारच. वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर पहिल्याच भेटीला दोघांनी मिळून जावे. बायकोचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. आणि सासूबाईंनी, अत्तींनी मुलालाही तितक्याच मायेने विचारावे, ‘बाळा, तुझी तपासणी झाली का?’