गोळी पोटात पोहोचेपर्यंत

मुंबईत मुसळधार पाऊस होऊन सखल भागांत पाणी तुंबलं, की महापालिकेची सूचना ठरलेली असते: त्या पाण्यातून चालावं लागलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) प्रतिबंधक गोळी घ्यावी. ही गोळी बहुतेक वेळा डॉक्सीसायक्लिनची असते. औषध स्वस्त आहे, उपयोगी आहे आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर घ्यायलाच हवं. पण अन्ननलिकेला इजा करणाऱ्या औषधांतही त्याचं नाव अगदी वर आहे. रात्री अंथरुणावर बसून घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल घेतली आणि लगेच पाठ टेकली, तर काही तासांनी छातीच्या मधोमध कळ येऊन झोप मोडू शकते. आवंढा गिळतानाही टोचतं, गोळी अजून तिथेच अडकली आहे असं वाटत राहतं. घरात याचं निदान झटकन होतं: औषध उष्ण पडलं, नाहीतर पित्त झालं. पण अशा त्रासात औषधाच्या गुणापेक्षा ते घेण्याच्या पद्धतीचा दोष मोठा असतो. गोळी पोटात जाऊन बाधत नाही, पोटात न पोहोचता वाटेत थांबून बाधते. ही वाट मोकळी ठेवणं बहुतेकांच्या हातात आहे.

ती वाट म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका. छातीच्या मध्यावर महाधमनीची कमान आणि डावी श्वासनलिका तिला खेटून जातात, त्यामुळे तिथे ती थोडी दाबलेली असते. गोळ्या अडकण्याची ही नेहमीची जागा, आणि म्हणूनच दुखतं ते बरोबर छातीच्या हाडामागे. कॅप्सूलचं जिलेटिनचं कवच अपुऱ्या पाण्यात नुसतं ओलं होतं आणि चिकट बनून अस्तराला धरून बसतं. जठराला आम्लापासून वाचवणारा श्लेष्माचा जाड थर असतो, अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही. डॉक्सीसायक्लिन विरघळलं की तीव्र आम्लधर्मी द्राव तयार होतो. लोहाच्या आणि पोटॅशियम क्लोराइडच्या गोळ्यांतले क्षार एकाच जागी साचून अस्तर भाजतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं अस्तराची स्वतःची प्रतिकारशक्तीच कमी करतात. झोपेत लाळ जवळजवळ सुटत नाही आणि गिळणंही थांबल्यासारखं होतं. मग अडकलेली गोळी तिथेच विरघळते आणि त्या जागी सूज, कधी व्रणही होतो.

याचा पुरावा जुना आहे. १९८२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डेन्मार्कच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी १२१ निरोगी माणसांना क्ष-किरणांत दिसतील अशा गोळ्या आणि कॅप्सूल गिळायला देऊन त्यांचा प्रवास पाहिला. गिळण्याचा कसलाही आजार नसलेल्यांच्याही अन्ननलिकेत गोळ्या रेंगाळल्या. संशोधकांचा निष्कर्ष असा, की गोळी किमान १०० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर निदान ९० सेकंद उभं राहावं. दुसरा पुरावा हाडांच्या ठिसूळपणावरच्या ॲलेंड्रोनेट या औषधाचा. ते बाजारात आल्यानंतर अन्ननलिकेला गंभीर इजा झालेल्या रुग्णांची माहिती १९९६ साली पुढे आली. त्यांतल्या अनेकांनी गोळी पुरेशा पाण्याशिवाय घेतली होती किंवा घेतल्यावर ते आडवे झाले होते. त्यानंतरही औषध बंद झालं नाही, ते घेण्याच्या सूचनांवर भर दिला गेला: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हे औषध आजही जगभर वापरात आहे.

कारण नीट कळलं की उपायही नेमका करता येतो. गोळी अडकल्यासारखी वाटताच उठून ताठ बसावं किंवा उभं राहावं आणि पाण्याचे मोठे घोट घ्यावेत. पाणी सहज उतरत असेल तर पिकलेलं केळं किंवा मऊ भाताचे घास गोळी पुढे न्यायला मदत करतात. पुष्कळदा गोळी गेलेली असते आणि टोचत असते ती मागे राहिलेली सूज. अशा वेळी कोरड्या भाकरीचे घास दाबून खाल्ले तर सुजलेलं अस्तर आणखी खरचटतं. पुढचे काही दिवस गार किंवा कोमट, मऊ आहार घ्यावा. पेज, मऊ भात, खिचडी, ताजं दही चालेल. तिखट, आंबट, कढत चहा आणि दारू टाळावी. मुख्य म्हणजे त्याच गोळीचा पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. ते औषध बदलून देतात, पातळ स्वरूपात देतात किंवा अस्तर भरून येण्यासाठी आम्ल कमी करणारं औषध सुचवतात. त्रास देणारी गोळी थांबली, की बहुतेकांना काही दिवसांत ते काही आठवड्यांत पूर्ण बरं वाटतं. पित्ताचं समजून आपल्या मनाने घेतलेली ॲसिडिटीची गोळी मात्र नुकसान करू शकते. तिच्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम डॉक्सीसायक्लिनला बांधून ठेवतं, ते रक्तात नीट शोषलं जात नाही आणि मग जळजळही राहते, लेप्टोपासूनचं संरक्षणही कमी होतं.

यावर रास्त आक्षेप आहेत. वर्षानुवर्षं घोटभर पाण्याबरोबर गोळ्या घेऊनही काही झालं नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि ते खरंच सांगत असतात. बहुतेक गोळ्या विरघळल्या तरी अस्तर भाजत नाहीत. पण आपल्या हातातली गोळी कोणत्या जातीची, हे पाकिटावरून कळत नाही, म्हणून सवय सगळ्यांसाठी एकच असावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात पाणी मोजून प्यायचं असतं, हेही खरं. अशा रुग्णांनी दिवसाच्या ठरलेल्या पाण्यातूनच गोळीचं पाणी राखून ठेवावं आणि ताठ बसण्यात कसूर करू नये. काही गोळ्या रात्रीच घ्यायच्या असतात. त्या झोपण्याच्या क्षणी न घेता अर्धा तास आधी घेता येतात. ज्यांच्या अन्ननलिकेत मुळातच अडथळा आहे किंवा अर्धांगवायूनंतर ज्यांना गिळणं जड जातं, त्यांना नुसतं पाणी पुरणार नाही. त्यांच्यासाठी औषधाचं रूपच बदलायला हवं. पण गोळी कुटून देण्याचा घरगुती मार्ग विचारल्याशिवाय धरू नये. सावकाश विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

सगळ्यात महत्त्वाचा आक्षेप असा, की छातीत दुखतंय म्हणजे गोळीच अडकली हे घरी कसं ठरवायचं? ते घरी ठरवू नयेच. दाब आल्यासारखं दुखणं, घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर हृदयविकार गृहीत धरून तडक रुग्णालय गाठावं. थुंकीही गिळता येत नसेल, उलटीत रक्त असेल, ताप किंवा असह्य वेदना असेल, तरी थांबू नये. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग एरवीही काळा होतो. पण त्या चालू नसताना डांबरासारखं काळं शौच झालं, तर ती रक्तस्रावाची खूण समजावी.

आपल्याकडे गर्भवतींना महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि पावसाळ्यात हजारो हातांत डॉक्सीसायक्लिन पडतं. चिठ्ठीवर दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, एवढंच असतं. ‘बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका’ हे वाक्य डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहावं, औषध दुकानदाराने पाकीट देताना सांगावं आणि आशाताईंनी घरोघरी पोचवावं. त्याला खर्च येत नाही. आणि ‘उष्ण पडतं’ म्हणून गरजेचं औषध अर्ध्यात सोडणारे कित्येक जण त्याने ते पूर्ण करतील.