घर ते फाटक : सायकलस्वार कामगाराचा हक्क

कामगाराचा दिवस कारखान्याच्या भोंग्याबरोबर सुरू होतो, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तो त्याच्या किती तरी आधी सुरू झालेला असतो. राळेगणसिद्धीहून वाडेगव्हाणच्या फाट्यावर यावयाचे, तेथून पुणे-अहिल्यानगर हमरस्त्याने सुप्याच्या औद्योगिक वसाहतीचे फाटक गाठावयाचे आणि पाळी सुटली की तीच वाट उलटी कापावयाची, हा आपल्या पारनेर तालुक्यातील अनेक घरांचा नित्यक्रम आहे. ज्याला ऐपत आहे तो मोटारसायकल घेतो. ज्याला नाही तो डबा हँडलला अडकवून सायकलवर टांग टाकतो. ह्या वाटेवर मागून येणाऱ्या मोटारीने त्याला उडविले, तर त्याचे काय होते आणि काय व्हावयास पाहिजे, एवढाच विषय आम्ही येथे मांडणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. कायदा आम्ही शिकलो तो युनियनच्या कचेरीत, निकालपत्रे पुन्हापुन्हा वाचून. म्हणून जे सांगू ते साध्या भाषेत सांगू.

प्रथम धडक म्हणजे काय ते पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर सायकल दिसली, ती ओळखली आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात एक सेकंद सहज निघून जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ती १७ मीटर पुढे आलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला म्हणजे धडकेचा जोर दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. मोटारीत बसलेल्याभोवती लोखंडी पेटी असते, पट्टा असतो. सायकलस्वाराभोवती काय असते? अंगातला सदरा. तेव्हा ह्या दोघांची चूक सारखीच असली, तरी तिची किंमत दोघांना सारखी पडत नाही, हे उघड आहे.

आता मुख्य प्रश्न. हा अपघात कामगाराचा खासगी अपघात, की कामावरचा अपघात? कोणी म्हणेल, हा शब्दांचा कीस झाला. तसे नाही. ह्या एका शब्दावर घरातली चूल पेटते किंवा विझते. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हिशेब पाहा. साध्या आजारपणात विमेदार कामगाराला रोजगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते आणि तीही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. दुखापत कामावरची ठरली, तर ९० टक्के मिळते आणि तो कामावर परत जाण्याजोगा होईपर्यंत मिळत राहते. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला ह्यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने अट घातली होती ती अशी, की अपघात नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरीच्या ओघात झालेला असला पाहिजे. मालकांचे वकील म्हणत, ओघ फाटकाच्या आत सुरू होतो. बाहेरचा रस्ता सार्वजनिक, तेथे कामगार हा इतर वाटसरूंसारखा एक वाटसरू. न्यायालयांनी ही भिंत थोडी थोडी मागे सरकविली. मुंबईच्या बेस्टमधील एक बसचालक २० जुलै १९५७ च्या संध्याकाळी जोगेश्वरीच्या डेपोत काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला होता. वाटेत ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि पुढे तो मरण पावला. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की हा अपघात नोकरीच्या ओघातच झाला, कारण बसने ये-जा करण्याची ती सवलत चालकाच्या नोकरीचाच भाग होती. मात्र ज्याला अशी सवलत नाही, जो स्वतःच्या सायकलने जातो, त्याचे काय?

त्याचे उत्तर केरळातून आले आणि ते कडू होते. २६ जून १९७१ रोजी कोरट्टी येथील एका कारखान्याचा कामगार सायकलवरून कामावर चालला होता. वेळ दुपारची सव्वाचार, पाळी साडेचारची, कारखाना उरला होता सुमारे एक किलोमीटर. एका लॉरीने त्याला धडक दिली आणि गळ्याजवळचे हाड मोडले. विशेष असे, की ती लॉरी त्याच्या मालकाचीच होती! खटला पंचवीस वर्षे चालला आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कामावर जाण्यासाठी रस्त्यावर असणे म्हणजे कामावर असणे नव्हे. पंधरा मिनिटे आणि एक किलोमीटर, एवढ्या अंतराने त्या सायकलस्वाराचा हक्क हुकला.

पण प्रश्न तेथे संपला नाही. १ जून २०१० पासून संसदेने राज्य विमा कायद्यात ५१-ई हे कलम घातले. घरातून कामावर जाताना किंवा काम आटोपून घरी परतताना झालेला अपघात हा, त्याची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचाच समजावा, असे ते कलम सांगते. ज्यांना विमा नाही त्यांचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. तो सोडविला आपल्याच महाराष्ट्रातील एका विधवेने. तिचा नवरा तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्यावर पहारेकरी होता. पाळी पहाटे तीनची. २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलवरून कामावर जाताना कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर त्याला मृत्यूने गाठले. मागे पत्नी, चार मुले आणि म्हातारी आई. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये व त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. पहारेकऱ्याने अशा अवेळी त्या वाटेवर असण्याचे कारण त्याची नोकरीच होती, आणि ५१-ई मधले तत्त्व नुकसानभरपाईच्या कायद्यालाही लागू आहे, असा तो निर्णय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आहे. तिनेही घर ते काम ही वाट ह्याच अटीवर कामात धरली आहे.

मालकवर्ग विचारील, रस्ता आम्ही बांधला नाही, मोटार आम्ही हाकली नाही, मग भुर्दंड आमच्यावर का? आमचे उत्तर असे, की पहाटे तीनची पाळी कोणी लावली? वसाहत गावापासून दूर माळावर कोणी नेली? माणूस त्या वेळी त्या रस्त्यावर स्वतःच्या हौसेने आलेला नसतो. ज्याला त्याच्या येण्याचा नफा आहे, त्याने येण्यातल्या धोक्याचा वाटाही उचलावा, हा साधा न्याय आहे. आणि हा वाटा विम्याच्या रूपाने उचलला म्हणजे कोणताही कारखाना त्यामुळे बुडत नाही.

तथापि हक्क पुस्तकात मिळाला म्हणजे पदरात पडला, असे नव्हे. कायद्याने तीन खुंट्या ठोकल्या आहेत : वेळ, जागा आणि परिस्थिती. ह्या तिन्ही सिद्ध कराव्या लागतात. म्हणून पाळीचा तक्ता, हजेरीचा कागद आणि पगाराची चिठ्ठी घरी जपून ठेवावी. कंत्राटी कामगाराने हे विशेष पाळावे, कारण अपघातानंतर तो आमचा माणूसच नव्हे, असे सांगणारे कंत्राटदार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. नेहमीची वाट कोणती, हे शेजारी व सोबती सांगू शकले पाहिजेत. पाळी सुटल्यावर लांबच्या गावी लग्नाला गेलेला मनुष्य तेथे पडला, तर त्याला कामावरून परतणारा म्हणता येणार नाही.

धडक बसल्यावर पहिले काम जखमीला दवाखान्यात पोचविणे. मदत करणाऱ्याला पोलिसांनी अडकवू नये, असे संरक्षण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आले आहे, तेव्हा कोणी भिऊन दूर उभे राहू नये. मे २०२५ पासून मोटार अपघातातील जखमीला, नेमलेल्या दवाखान्यात, सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळावेत अशी केंद्राची योजना आहे. ती मागून घ्यावी. डॉक्टरला अपघात मोटारीचा आहे असे स्पष्ट सांगून तसे लिहवून घ्यावे. गाडीचा नंबर टिपावा, फिर्याद द्यावी, पंचनाम्यात सायकल कोठे पडली ते नोंदवावे, आणि मोडकी सायकल लगेच दुरुस्तीला टाकू नये. ती मुकी असली तरी साक्षीदार आहे.

सर्वांत मोठा धोका रस्त्यावरच्या तडजोडीचा. मोटारवाला खिशातून दोन हजार काढतो, गावातला कोणी मध्यस्थ म्हणतो, ‘मिटवून टाका, कशाला कोर्टकचेरी?’ आणि दुखणारा माणूस कागदावर अंगठा देतो. आतली इजा आठवड्याने कळते, तेव्हा हाती काही उरलेले नसते. चूक कोणाचीही असो, मोटारीच्या विम्यातून मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मिळण्याची तरतूद आहे. मोटारवाल्याची चूक सिद्ध केली, तर कमाई व वय पाहून त्याहून अधिकही मिळते; तो दावा सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणात लावावा. मोटार पळून गेली व सापडलीच नाही, तरी मृत्यूस दोन लाख व गंभीर इजेस पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात. मात्र मालकाकडील भरपाई आणि मोटारीवरील दावा ह्यांपैकी एकच दार निवडावे लागते. कोणते, हे जाणत्या वकिलाला विचारूनच ठरवावे.

सायकलस्वाराचीही काही कर्तव्ये आहेत. मागे तांबडा परावर्तक, पुढे दिवा, अंधारात पांढरा सदरा आणि उलट्या बाजूने न जाणे. आपला दोष निघाला, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. पण ती बुडत नाही, हेही लक्षात ठेवावे.

राळेगणने १९७५ नंतर शिवारात बांध घालून आणि चर खणून वाहून जाणारे पाणी अडविले. एका मोठ्या धरणाने ते झाले नाही, अनेक लहान बांधांनी झाले. कामगाराचा हक्कही असाच वाहून जातो. एक हजेरीचा कागद, एक फिर्याद, एक साक्षीदार, एक नाकारलेली तडजोड, हे त्याचे बांध आहेत. एकट्याच्याने ते होत नाहीत. म्हणून प्रत्येक गावात दोन माणसे तरी ही माहिती असलेली हवीत, आणि कामगार रस्त्यावर पडला म्हणजे सर्वांआधी ती तेथे पोचली पाहिजेत.